दहापैकी सात वेळा छापा, म्हणजे नाणं खोटं?

या महिन्यात टपाल आणि व्हॉट्सॲप मिळून पाच जणांनी फिरून फिरून टॉसबद्दलच विचारलंय, आता हे सुट्टीत मुलं घरी असल्यामुळे की क्रिकेटमुळे ते तुम्हीच जाणे, पण पाचही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकत्रच घेते. बाकीच्यांचे पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही गिरगावात चाळीत राहतो. पाणी पहाटे येतं आणि पिंप भरायला कोणी उठायचं यावरून माझ्या दोन मुलांत रोज महाभारत, म्हणून मी रात्री नाणं उडवायला लावते. छापा आला तर धाकटा उठणार, काटा आला तर मोठा. दहा दिवसांत सात वेळा छापा आला. धाकटा म्हणतो दादाचं नाणं खोटं आहे, शाळेत शिकवलंय की शक्यता अर्धी असते, मग दहात पाच-पाच यायलाच पाहिजे. मोठा नुसता हसतो. खरं कोणाचं?
– एक आई, गिरगाव

उत्तर : आधी एवढं करा की ते नाणं स्वतः हातात घेऊन दोन्ही बाजू बघा, मोठी मुलं हसतात तेव्हा काही सांगता येत नाही. नाणं धड असेल तर मात्र मोठ्याला सोडून द्यावं लागेल.

धाकट्याने शाळेतलं वाक्य बरोबर लक्षात ठेवलंय, लावलंय चुकीच्या जागी. अर्धी शक्यता ही एका टॉसची. दहा टॉसमध्ये बरोब्बर पाच-पाच येण्याची शक्यता अर्धी नाही, पाव पण नाही, पावाच्याही जरा खाली आहे, २४.६ टक्के. म्हणजे असे दहा-दहा दिवसांचे चार हप्ते घेतले तर साधारण तीन हप्त्यांत एक भाऊ जास्त वेळा उठणार आणि कुरकुरणार, त्यात नाण्याचा काही दोष नाही.

आता हा आकडा आला कुठून, तर फॉर्म्युल्यापासून मी सुरुवात करणार नाही कारण फॉर्म्युला घडाघडा पाठ असलेली बारावीची पोरंही इथेच आपटतात, वीस वर्षं कॉलेजात शिकवून बघितलंय. मुलांच्या मराठीच्या पुस्तकात वृत्तं आहेत ना, लघु-गुरू, यमाताराजभानसलगं? ते पान काढा. एका गणात तीन अक्षरं, प्रत्येक अक्षर लघु नाहीतर गुरू, आणि गण एकूण आठ. आठच का, सात का नाहीत, नऊ का नाहीत? कारण पहिल्या अक्षराला दोन पर्याय, त्या प्रत्येकासोबत दुसऱ्याचे दोन, परत तिसऱ्याचे दोन, दोन दुणे चार, चार दुणे आठ. आता गुरूच्या जागी छापा म्हणा आणि लघूच्या जागी काटा. झालं, आठ गण म्हणजे नाणं तीनदा उडवल्यावर जे जे होऊ शकतं त्याची पूर्ण यादी! मगण म्हणजे तीनही छापे, नगण म्हणजे तीनही काटे. एकच छापा हवा तर भगण, जगण, सगण, छापा अनुक्रमे पहिला, मधला, शेवटचा. दोन छापे हवेत तर यगण, रगण, तगण. म्हणजे शून्य छापे एका तऱ्हेने, एक छापा तीन तऱ्हांनी, दोन छापे तीन तऱ्हांनी, तीन छापे एका तऱ्हेने. एका छाप्याला आठांतून तीन म्हणजे ३७.५ टक्के, झाली तुमची पहिली बायनॉमियल (दर वेळी दोनच निकाल असतात तिथली) शक्यता काढून, पेन न उचलता.

इथे लोक काय करतात की "छापे शून्य, एक, दोन किंवा तीन, म्हणजे चार शक्यता, प्रत्येकाला पंचवीस टक्के" असं म्हणून मोकळे होतात. तसं केलं तर एकटा नगण आणि भ-ज-स तिघं मिळून, यांना सारखंच वजन दिल्यासारखं होतं. पण यात लाजण्यासारखं काही नाही, दालांबेर नावाचा मोठा फ्रेंच गणिती होता, त्याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात अशीच चूक छापून ठेवलीये. दोन टॉसमध्ये निदान एक छापा येण्याची शक्यता किती, तर म्हणे दोन तृतीयांश, कारण पहिल्यातच छापा आला की खेळ संपला, उरतात तीनच गोष्टी : छापा, काटा-छापा, काटा-काटा. अहो पण पहिल्यातच छापा ही एकटी गोष्ट अर्धी जागा खाते की, बाकीच्या दोघींना पाव-पाव. उत्तर तीन चतुर्थांश. एवढा मोठा माणूस चुकतो तर आपला धाकटा काय.

बरं, तीन टॉस यादी करून जमतात, दहाची यादी १०२४ ओळींची होते, ती कोण लिहिणार. त्यासाठी आपल्याकडे जुनी सोय आहे आणि तीही छंदशास्त्रवाल्यांनीच करून ठेवलेली. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात त्याने आकड्यांचा डोंगर रचून दाखवला, मेरुप्रस्तार. शेंड्यावर १, खाली १ १, त्याखाली १ २ १, मग आपले गण १ ३ ३ १, मग १ ४ ६ ४ १, कडेला नेहमी एक आणि मधला प्रत्येक आकडा म्हणजे डोक्यावरच्या दोघांची बेरीज. सतराव्या शतकात पास्कलने यावर पुस्तक लिहिलं म्हणून कॉलेजात त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात, म्हणू देत.

बेरीजच का, ते पिंपावरून सांगते. दहाव्या रात्री हिशोब सात छाप्यांवर थांबला. मग नवव्या रात्री तो कुठे होता? एक तर सातवरच होता आणि आज काटा पडला, नाहीतर सहावर होता आणि आज छापा पडला, तिसरी वाटच नाही. नऊ रात्रींत सात छापे येतात ३६ तऱ्हांनी, सहा छापे ८४ तऱ्हांनी, दोन्ही मिळून १२०. अशी दहावी ओळ (शेंड्यावरचा १ सोडून मोजायची) पूर्ण लिहिली की १, १०, ४५, १२०, २१०, २५२, २१०, १२०, ४५, १०, १. सगळ्यांची बेरीज १०२४. मधला २५२ म्हणजे पाच-पाच, २५२ भागिले १०२४, तेच ते २४.६ टक्के. पाच-पाच हा सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल आहे हे खरंच, पण निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं मिळालेल्याला निम्मी मतं मिळालेली असतातच असं कुठे असतं, तसंच हे.

डोंगर रचायचा कंटाळा येत असेल त्यांच्यासाठी : दहा रात्रींपैकी काट्याच्या तीन रात्री कोणत्या, तेवढंच निवडायचंय. पहिलीला १० जागा, दुसरीला ९, तिसरीला ८, गुणाकार ७२०, आणि त्याच तीन रात्री उलटसुलट क्रमाने सहा वेळा मोजल्या गेल्या म्हणून भागिले ६. आले १२०. फॉर्म्युला म्हणतात तो हाच.

आता तुमच्या भांडणाकडे येते, कारण खरी मजा इथे आहे. बरोब्बर सात छाप्यांची शक्यता १२० भागिले १०२४, म्हणजे ११.७ टक्के, आणि हा आकडा धाकट्याला सांगाल तर तो म्हणेल बघ आई, एवढं दुर्मीळ! पण आठ वेळा छापा आला असता तर तो गप्प बसला असता का? नऊ वेळा? म्हणजे आपला प्रश्न "नेमके सात" हा नाहीच, "सात किंवा त्याहून जास्त" हा आहे. मग १२०, ४५, १० आणि १ अशी बेरीज करा, १७६, म्हणजे १७.२ टक्के. पुढे अजून ऐका, सात वेळा काटा आला असता तर मोठ्याने हसणं सोडून हेच नाणं खोटं ठरवलं असतं आणि तुम्ही मला हेच पत्र लिहिलं असतं, फक्त नावं बदलून. तेही धरायला पाहिजे. १७६ दुणे ३५२, शेकडा ३४.४. म्हणजे सरासरी दर तीन हप्त्यांत एकदा तुमच्या घरात "नाणं खोटं" होणारच आहे, अगदी रिझर्व्ह बँकेतून कोरं नाणं आणून उडवलंत तरी.

संशय कधी घ्यायचा? नऊ-एक किंवा दहा-शून्य झालं तर, त्याची शक्यता दोन टक्क्यांच्या जरा वर, २.१. पण तेही पहिल्याच हप्त्यात झालं तर. वर्षभर हा उद्योग चालू ठेवलात तर दहा-दहाचे ३६ हप्ते होतात, आणि त्यात एकदा तरी नऊ-एक किंवा दहा-शून्य बघायला मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, साधारण ५४ टक्के. तेव्हा वर्षाच्या शेवटी धाकटा "मे महिन्यात बघ काय झालं होतं" असं काढेल तर मनावर घेऊ नका.

आणि "जास्त दिवस उडवलं की पाच-पाच येईलच" अशी त्याची समजूत काढू नका, कारण तसं होत नाही. शंभर टॉसमध्ये बरोब्बर पन्नास-पन्नास येण्याची शक्यता फक्त ८ टक्के आहे, दहाच्या वेळी होती त्याच्या एक तृतीयांश. सुधारतं ते प्रमाण. छापे ४० ते ६० टक्क्यांच्या आत राहण्याची शक्यता दहा टॉसमध्ये ६५.६ टक्के आहे, शंभरात ती ९६.५ होते. नेमकेपणा दुरावतो आणि अंदाज जवळ येतो, हे माझ्याही डोक्यात शिरायला वेळ लागला होता.

परवा भाजी निवडता निवडता मी आणि नातीने दोन सेट करून बघितले, चौथ्या टॉसला पाच रुपयांचं नाणं गडगडत फ्रीजखाली गेलं, झाडूच्या दांड्याने बाहेर काढलं तर त्या ढकलाढकलीत ते उलटलं की नाही यावरच दहा मिनिटं वाद. शेवटी तो टॉस रद्द. दोन्ही सेटमध्ये पाच-पाच आलं नाही.

प्रश्न : आपली टीम वनडेत लागोपाठ वीस टॉस हरली होती आठवतं का? पंधरा झाल्यावर मी ऑफिसात दर मॅचला "आज तरी जिंकणारच" म्हणून वडापावची पैज लावायला लागलो आणि पाचही पैजा हरलो. एकविसाव्याला हिंमतच झाली नाही आणि नेमका तोच जिंकला. सरासरीचा नियम वगैरे काही असतो की नाही?
– क्रिकेटवेडा, कांदिवली

उत्तर : तुम्ही समजता तसा नसतो. १९ नोव्हेंबर २०२३ ची अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल (त्याबद्दल जास्त बोलत नाही) तिथून सुरू झालेली ही रांग, रोहित, राहुल, गिल असे कॅप्टन बदलले तरी चालूच राहिली आणि ६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला तुटली. पंधरा हरल्यानंतर सोळावा टॉस जिंकायची शक्यता किती होती? अर्धी. विसावा? अर्धी. एकविसावा? तोही अर्धाच. नाण्याकडे वही नसते, उधारी लिहून ठेवायला.

लागोपाठ वीस हरायची शक्यता १० लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक, हे तेव्हा सगळ्या चॅनेलवाल्यांनी ओरडून सांगितलं. आकडा बरोबर, पण तो त्या माणसासाठी ज्याने अहमदाबादला टॉसच्या आधीच सांगितलं होतं की आता मोजा हं, इथून वीस. असं कोणीच सांगितलं नव्हतं. आपण रांग लांबल्यावर मागे जाऊन तिची सुरुवात शोधली, आणि जगात इतक्या टीम, इतकी वर्षं खेळतायत, त्यातली जी रांग सगळ्यात लांब झाली तीच बातमी झाली. एवढं सगळं जमेस धरूनही वीस म्हणजे वीसच, फारच विरळा प्रकार, तो मी कमी लेखत नाहीये. पण त्यामागे कारण शोधायला जाऊ नका.

तुमच्या पैजांचं म्हणाल तर लागोपाठ पाच हरणं म्हणजे ३२ मध्ये एकदा, ३ टक्क्यांच्या आसपास. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात कोहली पाचही टेस्टचे टॉस हरला होता, तोच हिशोब. वडापाव पचवा आणि सोडून द्या.

प्रश्न : बेस्टमध्ये कंडक्टर होतो, तीस वर्षं नाणी मोजली. मला कायम वाटतं की चित्राची बाजू जड असते. तुम्ही लोक अर्धं-अर्धं सरळ गृहीत धरता, कोणी उडवून बघितलंय का?
– एक काका, परळ

उत्तर : काका, बघितलंय, आणि चांगलं हजारोंनी. जॉन केरिच नावाचे एक गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकले होते, तिथे वेळ घालवायला त्यांनी नाणं दहा हजार वेळा उडवलं. छापे ५०६७. आता ६७ जास्त आले म्हणजे बाजू जड का? धड नाण्यानेही दहा हजारांत एवढा किंवा याहून जास्त फरक, या नाहीतर त्या बाजूला, पडायची शक्यता १८ टक्के आहे, म्हणजे यावरून नाण्याला दोष देता येत नाही.

पण तुमची शंका अगदीच वाया नाही हं, फक्त दोष नाण्यात नसून उडवणाऱ्या अंगठ्यात निघाला. २०२३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ४८ माणसं बसवून साडेतीन लाखांहून जास्त टॉस करून घेतले, त्यात नाणं ज्या बाजूने वर ठेवून उडवलं त्याच बाजूने पडलं ५०.८ टक्के वेळा. म्हणून टॉस करताना कोणती बाजू वर आहे ते बोलणाऱ्याला दिसू देऊ नये, झाकून उडवावं, संपला प्रश्न.

आणि गिरगावच्या ताई, तुम्हीही वाचा : नाण्यावर अजिबातच भरवसा नसेल तर एकेका रात्री दोनदा उडवा, दोन्ही वेळा सारखी बाजू आली तर ती जोडी सोडून परत दोनदा. छापा-काटा आला तर धाकटा, काटा-छापा आला तर मोठा. नाणं कितीही वाकडं असलं तरी या दोन जोड्यांची शक्यता सारखीच राहते, कारण गुणाकारात तेच दोन आकडे, फक्त पुढेमागे. युक्ती फॉन नॉयमन या गणितज्ञाची, १९५१ ची. दोन्ही बाजूंना छापाच असेल तर मात्र रात्रभर उडवत बसाल, म्हणूनच आधी नाणं बघा म्हटलं.

प्रश्न : मॅम, असाइनमेंटमध्ये दहा टॉसमध्ये किमान सात छापे असं काढायचं होतं. एक्सेलमध्ये बायनॉम डॉट डिस्ट वापरलं, कंसात ७, १०, ०.५, ट्रू, आणि एकमधून वजा केलं. उत्तर ५.५ टक्के आलं, सरांनी काट मारली.
– एसवायबीकॉम, दादर

उत्तर : काट बरोबर आहे. ट्रू लिहिलं की एक्सेल "सात किंवा कमी" देतं, ते वजा केलंस म्हणजे सातच उडाले, तुझ्याकडे आठ आणि वरचे उरले, ५६ भागिले १०२४. कंसात ६ घाल, १७.२ येईल. फॉल्स लिहिलंस तर नेमक्या एकाच आकड्याची शक्यता मिळते. आणि असाइनमेंटच्या आधी दहावी ओळ एकदा हाताने लिही, मग एक्सेल खोटं बोलतंय का ते डोळ्यालाच कळतं.

प्रश्न : माझी लोकल सरासरी पाच दिवसांतून एकदा लेट होते. सोमवार ते शनिवारात दोन किंवा जास्त लेटमार्क लागायची शक्यता टॉसच्याच गणिताने निघेल का?
– कळवा ते सीएसएमटी

उत्तर : निघेल, नाण्याच्या जागी एक पंचमांश आणि चार पंचमांश घ्यायचे. सहाही दिवस वेळेवर : ०.८ सहा वेळा गुणा, २६.२ टक्के. एकच दिवस लेट : सहा तऱ्हा, प्रत्येकी ०.२ गुणिले ०.८ पाच वेळा, मिळून ३९.३ टक्के. शंभरातून दोन्ही वजा करा, ३४.५ टक्के उरले. पण हे तेव्हाच, जेव्हा आजच्या लेट होण्याचा उद्याशी काही संबंध नाही. जुलैत रुळांवर पाणी भरलं की सोमवार बुडतो तसा मंगळवारही बुडतो, तेव्हा हे गणित बाजूला ठेवा आणि साहेबांना आधीच फोन करा.

चूक दुरुस्ती : मागच्या अंकात चार नाण्यांच्या प्रश्नात "निदान तीन छापे" याचं उत्तर मी ४ भागिले १६ असं दिलं होतं. ते नेमके तीन छाप्यांचं झालं, चारही छापे मी विसरले. उत्तर ५ भागिले १६, म्हणजे ३१.२५ टक्के. मुलुंडच्या एका आजोबांनी पोस्टकार्डावर पूर्ण डोंगर काढून पाठवला आणि खाली फक्त "?" लिहिलं होतं.